सत्तावन्न नंबर

गोळीबार चौकात, पिठाच्या गिरणीवर
एक खोली, भाडं सातशे,
आणि केबलवाल्या शकीलभाईचा शब्द:
छप्पन्नवर भजन आहे, अठ्ठावन्नवर मुंग्या,
मधला नंबर रिकामाच पडलाय, घ्या.

भिशी त्या महिन्यात माझी लागली होती.
कॅमेराही माझाच, लग्नांतला.
बावीस वर्षं त्यानं अक्षता पाहिल्या
आणि जेवणाऱ्यांची तोंडं;
माणूस दिसला की तो आपसूक
आधी ताटाकडे वळायचा.

पडदा म्हणजे हेडाऊंच्या मागावरची निळी चादर.
खालची गिरणी सातला थांबायची,
म्हणून आमच्या बातम्या सव्वासातच्या.
कूलर लावला तर बातम्या कूलरच वाचायचा,
बंद केला तर सेहेचाळीस डिग्री.
निर्मला नंदनवारनं स्वतः उठून बटण बंद केलं.
पावडर ओघळून पदरावर आली
तरी ती वाचत राहिली:
तांडापेठ, नळ पहाटे चार.
नाईक तलाव, आज नाही.
लालगंज, आला पण गढूळ, तुरटी फिरवा.

स्वयंपाकाचा कार्यक्रम एकदाच झाला.
सावजीवाले कुंदनभाऊ आले,
मसाल्याची नावं घडाघडा सांगितली,
माप विचारलं तर हात जोडले:
"माप कायले सांगू बाई,
मंग माह्या हॉटेलात कोण येईन?"
उरलेली अकरा मिनिटं
आम्ही झाकलेलं पातेलं दाखवलं.

मग 'दहा मिनिटं तुमची'.
जिन्यापाशी वही टांगलेली.
नाव लिहा, वर या, बोला, कापाकापी नाही.
पराते काकूंनी जावेचं नाव न घेता
जावेला धुतलं.
दुसऱ्या दिवशी वहीत जाऊ.

तुळशीराम निखारे आले तेव्हा
खुर्चीत बसून म्हणाले, "बोलता नाही येत मले."
खिशातून सुताची गुंडी काढली
आणि तुटलेले धागे सांधत बसले.
बोटांवर राख,
एक पीळ, त्यावर दुसरा,
गाठ कुठंच नाही.
मी कॅमेरा इतका जवळ नेला
आणि पहिल्यांदाच कोणी पोट आत घेतलं नाही.
सातव्या मिनिटाला मान वर करून ते म्हणाले,
"दिसत नाही ना?"
सांध्याबद्दल असेल. पण बघत होते भिंगाकडे.

दिसतं का कोणाला, हेच तर
आम्हाला कुठं ठाऊक होतं.
मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं,
फोन यायचे ते गिरणीचे: दळण झालं का?

शेवटी पोळ्याच्या आदल्या रात्री
निर्मला कॅमेऱ्यात बघून म्हणाली,
"जो कोणी पाहून राहिला असन,
त्यानं दारातला बल्ब बंद करून परत लावा.
आत्ता. आम्ही गच्चीवर चाललो."
रिकामी खुर्ची घराघरांत सोडून
आम्ही जिना चढलो, दोन दोन पायऱ्या.

आधी काहीच नाही.
चौकभर पिवळे दिवे, ढिम्म.
मग पराते काकूंचा.
लागलीच जावेचा, दोनदा.
गिरणीमागे एक.
लालगंजच्या अंगाला काहीतरी लुकलुकलं,
बल्ब की जाणारी सायकल, ठरेना.
हेडाऊ बोटं मोडत होते, नऊ, दहा,

आणि सगळंच गेलं.
चौक, पाण्याची टाकी, पार पाचपावलीच्या पुलापर्यंत
काळंकुट्ट. लोडशेडिंग.
"बापा बापा!" अंधारात हेडाऊ ओरडले,
"शंभर टक्के!"

हसून हसून निर्मला खालीच बसली,
मग बराच वेळ कोणी उठलं नाही.

लाइट आली पावणेदहाला.
खुर्ची होती तशीच.
जिन्यापाशी वही उघडी,
पानावर कोणीतरी अंधारात चाचपडत,
ओळ सोडून, वाकडंतिकडं:
लालगंजवरून आलो. घराले नंबर नाही.
बल्ब बंद केला होता,
लावाच्या आधी लाइनच गेली.
आमालेबी मोजा.